घाट आणि पुएर्तो: चढावर भेटणारा इतिहास

मराठीत 'घाट' म्हटलं की दोन चित्रं डोळ्यांपुढे येतात. एक, पाण्यात उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या, जिथे होड्या लागतात. दुसरं, सह्याद्री चढून जाणारी वळणावळणांची वाट. स्पॅनिश भाषेत 'पुएर्तो' या शब्दाचंही नेमकं असंच आहे. पुएर्तो म्हणजे बंदर आणि पुएर्तो म्हणजे डोंगरातली खिंड. एकमेकींपासून इतक्या दूरच्या दोन भाषांनी एकच गोष्ट ओळखली: प्रवाशाच्या लेखी बंदर आणि खिंड ही दोन्ही दारंच. एका दारातून माणूस समुद्रावरून आत येतो, दुसऱ्यातून डोंगरापलीकडे जातो.

मी उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवतो आणि सुटीच्या दिवशी सायकल चालवतो. नवी मुंबईत राहणाऱ्या सायकलस्वाराला ही दोन्ही दारं हाताशी आहेत. एका बाजूला खाडी आणि कोकणातली जुनी बंदरं, दुसऱ्या बाजूला बोरघाट, माथेरान, माळशेज. या वाटा चढताना मला जे इतिहासाचे धागे सापडत गेले, त्यांच्याबद्दल आज लिहायचं आहे. त्यासाठी थोडं स्पेनला जाऊन यावं लागेल, कारण आपल्या समाजाच्या मनात स्पेनची एक खास जागा आहे, आणि त्या जागेचा आपल्या घाटांशी संबंध आहे.

अंदलुसचे अश्रू

उर्दू वाचणाऱ्या घरात स्पेन 'स्पेन' म्हणून येत नाही, 'अंदलुस' म्हणून येतो. इ.स. 711 मध्ये तारिक बिन झियाद जिथे उतरला त्या डोंगराला 'जबल तारिक' नाव पडलं आणि त्याचं पुढे जिब्राल्टर झालं, हे आपल्याला शाळेत कुणी शिकवलेलं नसतं, तरी माहीत असतं. इकबाल 1933 मध्ये कुर्तुब्याची मशीद पाहून आले आणि त्यांची 'मस्जिद-ए-कुर्तुबा' ही नज्म 1935 मध्ये 'बाल-ए-जिब्रील' या संग्रहात आली. नसीम हिजाझींची 'शाहीन' ही गरनाट्याच्या पाडावावरची कादंबरी आधीच्या पिढीत घरोघरी वाचली जायची. अल्हम्ब्राचं छायाचित्र असलेली कॅलेंडरं भिंतीवर असायची. म्हणजे आपला स्पेन हा एक महाल, एक मशीद आणि एक उसासा, एवढाच.

मी स्पेन पाहिलेला नाही. पण सायकलीचा नाद लागल्यावर तिथल्या डोंगरातल्या रस्त्यांचे नकाशे आणि चित्रफिती पाहायला लागलो, तेव्हा मला वेगळाच स्पेन दिसला. योगायोग असा की 'बाल-ए-जिब्रील' ज्या 1935 साली आलं, त्याच वर्षी 'वुएल्ता आ एस्पान्या' ही स्पेनची मोठी सायकल शर्यत सुरू झाली. आज युरोपभरचे सायकलस्वार स्पेनच्या दक्षिणेकडच्या शांत डोंगराळ मुलखात जातात. रस्ते अरुंद पण चांगले, वाहनं कमी, दोन्ही बाजूंना ऑलिव्हच्या बागा, आणि प्रत्येक चढाच्या टोकाला चुन्यानं रंगवलेलं एखादं पांढरं गाव.

आता या गावांची नावं वाचा. ग्रासालेमाच्या डोंगरात 'बेनामाओमा' नावाचं गाव आहे. उघडच 'बनी मुहम्मद'. रोंदाच्या डोंगररांगेत बेनालाउरिया, बेनाराबा, अल्गातोसिन अशी गावं एकामागून एक लागतात. नदीचं नाव 'ग्वादल्किविर', म्हणजे 'वादी अल-कबीर', मोठी नदी. शेतात पाणी नेणारा पाट म्हणजे 'आसेकिया', अरबी 'अस्-साकिया'. पाणी उपसणारा रहाट म्हणजे 'नोरिया', अरबी 'नाऊरा'. गावाचा प्रमुख 'अल्काल्दे', म्हणजे आपला 'अल-काझी'. जकातीची कचेरी म्हणजे 'आदुआना', आणि तो शब्द आला 'दिवाण'वरून. आपल्याकडच्या दिवाणजींचा हा लांबचा भाऊबंद.

या नावांमागे मोठं दुःखही आहे. 1492 मध्ये गरनाटा पडलं. तहात धर्म आणि रीतिरिवाज पाळू देण्याचं वचन होतं, ते काही वर्षांतच मोडलं. सक्तीनं ख्रिस्ती झालेल्या या लोकांना 'मोरिस्को' म्हणत. 1567 मध्ये राजा दुसरा फिलिप याच्या हुकमानं अरबी बोलणं-लिहिणं, अरबी नावं, पोशाख, हमाम या सगळ्यांवर बंदी आली. त्यातून 1568 मध्ये अल्पुखारा या डोंगराळ भागात उठाव झाला. तो 1571 पर्यंत चिरडला गेला आणि तिथल्या लोकांना उचलून दूरदूरच्या प्रांतांत विखुरलं गेलं. 1609 ते 1614 या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर काढलं गेलं.

अल्पुखारातल्या ओस पडलेल्या गावांत उत्तर स्पेनमधून नवी कुटुंबं आणून वसवली गेली. पण डोंगरउतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतीला पाणी कसं द्यायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिथे आजही सांगितलं जातं की पाटांची व्यवस्था शिकवण्यासाठी प्रत्येक गावात दोन मोरिस्को कुटुंबं मागे ठेवली होती. हुकूम काढून माणसं हाकलता आली. पाट, पायवाट आणि शब्द यांना हाकलता आलं नाही. चार-पाचशे वर्षं बेनामाओमाचे ख्रिस्ती रहिवासी आपल्या गावाला 'बेनामाओमा'च म्हणत आले आहेत.

उसासा टाकायचाच तर तो अल्हम्ब्रासमोरच का टाकायचा? अंदलुस जिथे खरोखर शिल्लक आहे ते ठिकाण म्हणजे ही चढावरची गावं आणि त्यांचे पाट. हे लक्षात आल्यावर मी आपल्या वाटांकडे नव्यानं पाहू लागलो.

नाणेघाटाचा रांजण आणि 'जकात'

सह्याद्रीतल्या जुन्या वाटांपैकी नाणेघाट सर्वांना माहीत असतो. कल्याण आणि सोपारा या बंदरांतला माल याच वाटेनं जुन्नरला चढायचा. वरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. जवळच एक मोठा दगडी रांजण आहे. वाटसरूंकडून घेतलेलं नाणं त्यात टाकत, असं सांगतात. नाणेघाटाची मूळ वाट पायऱ्यांची, त्यामुळे ती सायकलीची नाही. सायकलस्वारांनी मुरबाडवरून माळशेज चढावा आणि जुन्नरच्या बाजूनं घाटमाथ्यावर यावं.

त्या रांजणापाशी उभं राहिल्यावर माझ्यातला भाषेचा मास्तर जागा होतो. नाक्यावर घेतल्या जाणाऱ्या कराला मराठीत शतकानुशतकं काय म्हणतात? 'जकात'. हा शब्द आपल्या 'जकात'चाच. अरबीतली गरिबांच्या हक्काची धार्मिक देणगी मराठीत येता येता रस्त्यावरचा कर झाली. 'रस्ता' शब्द फारसी. 'मुक्काम' अरबी. 'बंदर' फारसी. कोळी-आगरी गाण्यांत ज्याला साद घातली जाते तो 'नाखवा' म्हणजे फारसी 'नाखुदा', जहाजाचा मालक-कप्तान. माथेरानच्या वेशीवर मोटारी जिथे थांबतात ते ठिकाण 'दस्तुरी नाका', आणि बोरघाटातही एक 'दस्तुरी' आहे. फारसी-उर्दूत दस्तुरी म्हणजे वहिवाटीनं घेतला जाणारा हक्काचा पैसा. मराठी माणूस घरातून निघून मुक्कामी पोहोचेपर्यंत हे सगळे शब्द वापरतो आणि त्याला कधी परकं वाटत नाही. वाटायचं कारणही नाही. शब्द त्याचेच आहेत.

चौल: समुद्राकडचं दार

पनवेलहून पेण, वडखळ, पोयनाड करत कार्लेखिंड ओलांडली की अलिबाग येतं आणि पुढे नारळ-सुपारीच्या वाड्यांमधून जाणारा रस्ता चौल-रेवदंड्याला नेतो. कार्लेखिंडीचा चढ सोपा आहे. नव्यानं सायकल घेतलेल्यांनी सुरुवात इथूनच करावी. वडखळपर्यंत महामार्गाची रहदारी सोसावी लागते. अलिबागच्या पुढे मात्र रस्ता शांत होतो आणि वाड्यांची गार सावली मिळते. या अष्टागरातल्या विहिरींवर पूर्वी रहाट फिरायचे. स्पेनच्या नोरियाचेच हे सगेसोयरे.

चौलला अरब भूगोलकार 'सैमूर' म्हणत. हिजरी 304, म्हणजे इ.स. 916-17 च्या सुमारास बगदादचा अल-मसूदी इथे येऊन गेला. त्यानं लिहून ठेवलंय की इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. त्यांत बसरा, बगदाद, सिराफ आणि ओमान इथून आलेले होते आणि इथेच जन्मलेलेही होते. इथे जन्मलेल्यांना तो 'बयासिरा' म्हणतो. राजा होता शिलाहार झंझ, आणि त्याच्यावर राष्ट्रकूट सम्राट, ज्याला अरब 'बल्हरा' म्हणत, म्हणजे 'वल्लभराज'. मुसलमानांचे आपसांतले तंटे सोडवायला राजानं त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. त्या पदाचं नाव मसूदी देतो: 'हुनरमन'. उर्दूतला 'हुनरमंद' आठवतो ना?

याच काळातला दुसरा पुरावा पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीच्या ताम्रपटात आहे. शके 848, म्हणजे इ.स. 926. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीनं संजाणचा कारभार पाहणारा अधिकारी एक 'ताजिक', म्हणजे अरब मुसलमान होता. ताम्रपटात त्याचं नाव 'मधुमती' असं येतं. मुहम्मदचं हे संस्कृत रूप. त्यानं दोन प्रवाहांवर फुकट तरीची सोय केली आणि एक अन्नछत्र चालवलं. ज्या दानाचा हा ताम्रपट आहे ते दान एका हिंदू मठिकेला मिळालेलं, याच मधुमतीच्या मंजुरीनं.

जरा थांबून विचार करा. हे सगळं गझनीचा महमूद जन्मण्याच्याही आधीचं आहे. कोकणातल्या मुसलमानाला 'तुम्ही कुठून आलात?' हा प्रश्न आजही अधूनमधून ऐकावा लागतो. माझ्या वर्गातली मुलंही तो ऐकून येतात आणि मला विचारतात, 'सर, आपण कुठून आलो?' मी त्यांना आता चौल दाखवतो. मसूदीच्या बयासिरांचं उत्तर सरळ होतं: आम्ही इथेच जन्मलो. हजार वर्षांपूर्वी जे उत्तर पुरेसं होतं, ते आज अपुरं का पडावं?

निकितिनचा घोडा

आता थोडी कडू गोष्टही सांगितली पाहिजे. वाटांचा इतिहास म्हणजे नुसत्या गळाभेटींचा इतिहास नव्हे.

1469 च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला. वास्को द गामा कालिकतला येण्याच्या जवळपास तीस वर्षं आधी. त्याच्याजवळ एक उमदा घोडा होता. दख्खनमध्ये घोड्यांना मोठी किंमत मिळते, हे ऐकून त्यानं तो समुद्रापार आणला होता. चौलहून तो जमिनीच्या वाटेनं निघाला. पालीला पोहोचायला आठ दिवस, तिथून उमरीला दहा, आणि पुढे जुन्नरला सहा. आठ, दहा, सहा: चोवीस दिवस. पाली म्हणजे सुधागडजवळची आपली पाली, असं मानतात. आज एखादा सराईत सायकलस्वार चौल ते जुन्नर दोन दिवसांत सहज करेल. पण भर पावसात, चिखलातून, घोडा सांभाळत सह्याद्री चढणाऱ्या माणसाला वाटेतलं प्रत्येक गाव आणि प्रत्येक ओढा दिसला असणार.

जुन्नरला तेव्हा बहमनी सुलतानाचा सरदार असद खान होता. निकितिन मुसलमान नाही हे कळल्यावर त्यानं घोडा जप्त केला. धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार सोन्याची नाणी, नाहीतर घोडाही गेला आणि दंडही, असं त्यानं बजावलं. चार दिवसांची मुदत दिली. निकितिन घाबरून देवाचा धावा करत होता. तेवढ्यात खोजा मुहम्मद नावाचा खुरासानी व्यापारी तिथे आला. निकितिननं त्याला गाऱ्हाणं सांगितलं. खोजा मुहम्मद असद खानाकडे गेला, रदबदली केली आणि घोडा सोडवून आणला. धर्म बदलण्याचा विषयही संपला.

ही कथा मला फार मोलाची वाटते, कारण ती कुणालाच सोयीची नाही. 'मुसलमान राज्यकर्ते फक्त जुलमी होते' असं म्हणणाऱ्याला खोजा मुहम्मद अडचणीचा. 'आमच्या राज्यात सगळं आलबेल होतं' असं म्हणणाऱ्या आपल्यातल्या भाबड्यांना असद खान अडचणीचा. जुलूम करणारा मुसलमान होता, वाचवणाराही मुसलमान होता, आणि ही साक्ष लिहून ठेवणारा एक ख्रिस्ती वाटसरू होता. धाकदपटशानं धर्म बदलायला लावणं चूक, हे सांगायला आपल्याला दुसऱ्या कुणाची गरज नाही. कुरआनात ते स्पष्ट आहे, आणि जुन्नरात एका मुसलमान व्यापाऱ्यानं ते करून दाखवलं. मोरिस्कोंवर झालेल्या सक्तीसाठी आपण हळहळतो, मग असद खानाच्या सक्तीवर पांघरूण घालायचा अधिकार आपल्याला उरत नाही.

रेवदंड्याला आज निकितिनचं स्मारक आहे. तिथवर सायकलनं गेलात तर जरूर पाहा.

बोरघाट: चढ कुणी बांधला?

नवी मुंबईच्या सायकलस्वारांचा सर्वात लाडका चढ म्हणजे बोरघाट. पनवेल ते खोपोली हा जुन्या महामार्गाचा टप्पा साधारण तीस-पस्तीस किलोमीटर, बऱ्यापैकी सपाट. खोपोलीनंतर खरा चढ. खंडाळ्यापर्यंत पाचशे मीटरच्या आसपास उंची गाठायची. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हा घाट सर्वात आधी चढणाऱ्याला 'घाटांचा राजा' किताब मिळतो. स्पेनच्या वुएल्तातही डोंगर जिंकणाऱ्याला असाच मान असतो आणि निळ्या ठिपक्यांची पांढरी जर्सी मिळते.

पण या घाटाचा खरा राजा कोण? वेलस्लीनं 1804 मध्ये घाटमाथ्यापासून पुण्यापर्यंतचा रस्ता सुधारला. 1830 मध्ये मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम यानं गाड्या जातील असा घाटरस्ता खुला केला. कोकण आणि दख्खन यांच्यामधली भिंतच आपण पाडली, असं तो अभिमानानं म्हणे. त्या काळी मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीनं पनवेलला उतरायचा आणि तिथून पुढे या वाटेला लागायचा. आज इमारतींच्या गर्दीत हरवलेलं पनवेल तेव्हा अक्षरशः दोन्ही अर्थांनी घाट होतं: खाडीचाही आणि डोंगराकडे निघण्याचाही.

मग रेल्वे आली. बोरघाटातलं काम 1856 ते 1863 चाललं. पंचवीस बोगदे. सदतीस फुटांना एक फूट असा चढ. एका वेळी चाळीस हजारांहून जास्त मजूर कामावर होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे येताच आजारानं गेला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनं काम पुढे नेलं. अभ्यासकांच्या अंदाजानं पंचवीस हजारांच्या आसपास मजूर या कामात पटकी, ताप आणि अपघातांनी मेले. माल्कमचं नाव पुस्तकांत आहे. या मजुरांपैकी एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही.

एक नाव मात्र लोकांनी जपलंय. घाटात शिंगरोबाचं छोटं देऊळ आहे. शिंगरोबा धनगर. लोककथा अशी की इंग्रज अभियंत्यांना घाट चढायची वाट सापडेना, तेव्हा आपली जनावरं ज्या वाटेनं जातात ती त्यानं दाखवली. बक्षीस काय हवं विचारलं तर म्हणाला, आम्हाला स्वातंत्र्य द्या. त्यावर त्याला गोळी घातली. या कथेचे कागद कुणी मागितले तर ते देता येणार नाहीत. पण ट्रकवाले तिथे नाणं टाकतात, सायकलवालेही थांबतात. त्या थांबण्यात एक कबुली असते: रस्ता गव्हर्नरचा नसतो, तो आधी गुराख्याचा असतो.

याच खोपोलीच्या परिसरात उंबरखिंड आहे. 2 फेब्रुवारी 1661 रोजी शिवाजी महाराजांनी कारतलब खानाच्या मोठ्या मोगल फौजेला तिथे कोंडलं. कारतलब खान उझबेक. त्याच्यासोबत माहूरच्या देशमुख घराण्यातली रायबागन होती, आणि शरण जाण्याचा शहाणा सल्ला तिनंच दिला, असं सांगतात. ही लढाई धर्माच्या चौकटीत बसवू पाहणाऱ्यानं एकदा ती खिंड पाहून यावी. महाराज जिंकले ते वाटा ठाऊक असल्यामुळे. खान हरला तो वाट ठाऊक नसल्यामुळे. सह्याद्रीत घाटाची ओळख हीच सर्वात मोठी ताकद होती.

एक सूचना. द्रुतगती महामार्गावर सायकलींना बंदी आहे, आणि माथ्याजवळ जुना रस्ता काही अंतर त्याच्यात मिसळतो. तिथे उजाडल्यावरच जा, एकट्यानं जाऊ नका, मागचा लाल दिवा चालू ठेवा. तिथलाच 1830 चा अमृतांजन पूल एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीच्या काळात पाडला गेला. एकशे नव्वद वर्षांचा पूल. गेला तेव्हा लोकांना आठवलं ते त्याच्यावरच्या जाहिरातीचं नाव.

माथेरानची गाडी कुणाची?

पनवेलहून कर्जतच्या बाजूनं नेरळला आलं की माथेरानचा चढ सुरू होतो. आठ-नऊ किलोमीटरांत सहाशे मीटरांहून जास्त. बोरघाट लांब आहे, पण हा जास्त निर्दय आहे. गुडघ्यांची परीक्षा. वाटेत एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला दोन फूट रुंदीचे इवलेसे रूळ दिसत राहतात.

ही माथेरानची गाडी सरकारनं बांधली नाही. दाऊदी बोहरा उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती 1904 ते 1907 या काळात बांधली. खर्च सोळा लाख रुपये. वीस किलोमीटरच्या वर लांबी. आज लाखो पर्यटक त्या गाडीसोबत फोटो काढतात, मराठी बालगीतांतल्या झुकझुकगाडीची आठवण काढतात, पण नाव विचारलं तर दहांतल्या एकालाही सांगता येत नाही. आपल्यातल्यांनाही नाही. कुर्तुब्याच्या मशिदीचे खांब किती, हे सांगणारा तरुण मला भेटलाय. माथेरानची गाडी कुणी बांधली, हे सांगणारा अजून भेटायचाय.

नावांचा प्रश्न

गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यात गावांची नावं बदलली. 2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. संभाजी महाराज आणि अहिल्याबाई ही नावं आदराचीच आहेत, त्याबद्दल वाद नाही. दुःख एवढंच की नाव पुसलं की त्यामागची गोष्टही सांगायची राहून जाते. ज्यानं अहमदनगर वसवलं त्या अहमद निजामशाहाचा बाप जन्मानं पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला होता. औरंगाबादच्या जागी 1610 मध्ये खडकी वसवणारा मलिक अंबर हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा होता, आणि त्यानं जमिनीखालून आणलेली नहर-ए-अंबरी कित्येक पिढ्या त्या शहराला पाणी पाजत होती. अल्पुखाराच्या पाटांची गोष्ट ऐकून आपण हळहळतो, आणि नहर-ए-अंबरीतला गाळ काढा, अशी मागणी करत नाही.

फिलिपच्या हुकमानं अरबी नावं संपली नाहीत, कारण ती सरकारी दप्तरात नव्हती, लोकांच्या जिभेवर होती. आपल्याकडेही तसंच आहे. 'रस्ता', 'मुक्काम', 'नाखवा', 'दस्तुरी' कुणालाच बदलता येणार नाहीत. पण जिभेवरची नावं सांभाळायची जबाबदारी बोलणाऱ्यांची असते.

नवी मुंबईत तर ही जबाबदारी तातडीची आहे. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि पंच्याण्णव गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं. आगरी, कोळी, कोकणी मुसलमान, कराडी, आदिवासी, सगळ्यांच्याच शेतांना, बांधांना, विहिरींना, पाऊलवाटांना नावं होती. आता त्यांना सेक्टरचे आकडे आहेत. ज्यांना जुनी नावं ठाऊक आहेत ती माणसं आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत. दर पावसाळ्यात त्यांच्यातली काही कमी होतात.

म्हणून माझी वाचकांना, विशेषतः आपल्या तरुणांना, एक विनंती आहे. सायकल असेल तर सायकलवर, नसेल तर पायी, आपल्या गावापासून जवळच्या खिंडीपर्यंत किंवा बंदरापर्यंत जा. वाटेतल्या विहिरीचं, वळणाचं, पिराचं, देवळाचं, माळाचं नाव विचारा. दादाजान सांगतील, शेजारच्या आगरी आजी सांगतील, टपरीवरचा चाचा सांगेल. वहीत लिहा, उर्दूत लिहा, मराठीत लिहा, तारीख टाका. मी माझ्या विद्यार्थ्यांना सुटीचा अभ्यास म्हणून हेच दिलंय. पहिल्याच खेपेला एका मुलीनं आपल्या आजोळच्या परिसरातली बावीस नावं आणली, आणि त्यांतली एकही नकाशावर नव्हती.